थंडीच्या रात्री हँडलवरचे हात

डिसेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की आमच्या उपनगरांतल्या वस्त्यांमधल्या गॅरेजवाल्यांना उसंत राहत नाही. घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर घ्या, मुलुंड घ्या, नाहीतर अंधेरी-बोरिवलीकडच्या वस्त्या घ्या. पोरे मोटारसायकली धुतात, ऑइल बदलतात, हँडलला निळे झेंडे बांधतात आणि ३१ तारखेला कामावरून सुटून रात्रीच भीमा कोरेगावला निघतात. १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब ज्या विजयस्तंभापुढे उभे राहिले, तेथे आपणही पहाटे उभे राहावे ही त्यामागची ओढ. ती ओढ आम्ही जाणतो. आम्हीही या पोरांबरोबर वर्षानुवर्षे जात आलो आहोत.

निघताना सगळे बघितले जाते. पेट्रोल, हवा, हेडलाईट, कागदपत्रे. बघायचे राहतात ते हात.

काही वर्षांपूर्वी आमच्या ताफ्यातल्या एका मुलाची गोष्ट. पोरगा निर्व्यसनी, गाडीही बेताने चालवणारा. अंगात पातळ जॅकेट, हात उघडे. घाट चढून लोणावळा मागे टाकले, कामशेतच्या पुढे आलो आणि समोरचा ट्रेलर एकदम थांबला. पोराने पुढचा ब्रेक ओढायला बोटे वळवली, तर ती वळेचनात. मागच्या ब्रेकवर सगळा भार आला, चाक घसरले आणि तो रस्त्यावर आडवा झाला. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. गळ्याजवळचे हाड मोडले. तीन महिने हात गळ्यात. रोजंदारीचे काम, तेही गेले. त्याची आई आम्हाला म्हणाली, "दादा, तुमच्या भरवशावर पाठवला होता." तेव्हापासून आम्ही निघण्याआधी प्रत्येकाचे हात बघतो. पोरे हसतात. हसू देत.

"मुंबईत कसली आलीय थंडी?" हा प्रश्न ठरलेला. उत्तर असे की मुंबईतली थंडी सगळीकडे सारखी नसते. २२ जानेवारी १९६२ रोजी कुलाब्याला पारा ११.७ अंशांवर उतरला होता, तर सांताक्रूझला ७.४ अंशांवर. एकच शहर, एकच दिवस. समुद्राला खेटून असलेल्या दक्षिणेपेक्षा उपनगरांत रात्र अधिक गार होते, आणि आरे कॉलनी किंवा नॅशनल पार्कच्या बाजूला राहणाऱ्यांना हे आकड्यांशिवायही ठाऊक आहे. पण खरी फसगत होते ती पुढे. रात्री दहाला घाटकोपरला घाम येत असतो, म्हणून पोरे स्वेटर डिकीत टाकतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने जावे लागते जुन्या रस्त्याने: पनवेल, चौक, खोपोली, मग घाट. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचावर आहे. हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे नुसत्या चढाने चार अंश गेले. शिवाय पलीकडे समुद्राची ऊब नाही. इंद्रायणीच्या खोऱ्यात पहाटे धुके साचते. पुण्याकडे या दिवसांत पारा १० ते १२ अंशांवर येणे नवलाचे नाही, कधी त्याच्याही खाली जातो.

त्यात वारा. उभ्या माणसाची थंडी वेगळी आणि धावत्या गाडीवरची वेगळी. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोन अमेरिकनांनी अंटार्क्टिकावर प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगले आणि किती वेळात गोठते ते मोजले. १९४५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. वारा अंगाजवळची ऊब वाहून नेतो, तो जितका जोरात तितकी ऊब लवकर जाते, हे त्यांनी आकड्यांत मांडले. पुढे हे गणित सुधारले गेले. आजच्या सूत्राने बघितले तर १० अंशांच्या हवेत ताशी ६० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला ५ अंशांसारखा लागतो. मोटारसायकलवर हा वारा आपणच तयार करतो, आणि त्याच्या तोंडी सर्वांत पुढे असतात ते हात. स्कूटरवाल्या भगिनींच्या पायांना पुढच्या पत्र्याचा आडोसा तरी असतो; हात त्यांचेही उघड्यावरच.

बोटेच का आखडतात, छाती का नाही? शरीराला काळीज, फुप्फुसे, पोट जपायचे असते. थंडी वाजली की ते कातडीकडच्या आणि हातापायांकडच्या बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि रक्त आत राखते. बोटांत मांस थोडे, कातडी जास्त, त्यामुळे ती झपाट्याने गार होतात. कातडी १५ अंशांच्या आसपास आली की बोटांची चपळाई कमी होऊ लागते. आधी टोचते, मग मुंग्या येतात, मग काहीच वाटत नाही. हे काहीच न वाटणे सर्वांत वाईट. माणसाला वाटते, थंडी अंगवळणी पडली.

आम्ही कारकून माणूस, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर. ब्रेक ओढायला अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे दोन मोटारींच्या लांबीएवढी. आता ३१ डिसेंबरच्या रात्री त्या रस्त्यावर कोण कोण आणि कोणत्या अवस्थेत गाडी चालवत असते ते आठवावे.

उपाय महागडे नाहीत. पहिली गोष्ट हातांची नव्हेच, छातीची. छाती आणि मान गरम असेल तर शरीर बोटांकडे रक्त जाऊ देते. अंग गारठलेले असताना नुसत्या हातमोज्यांनी भागत नाही. म्हणून स्वेटरवर वारा न शिरणारे जॅकेट, गळ्याला मफलर. जॅकेट पातळ असेल तर आत छातीवर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या बसवाव्यात. ही जुन्या मंडळींची युक्ती आहे आणि ती आजही लागू पडते. आमचा हा अंकही चालेल, वाचून झाल्यावर! आणि हे सगळे खोपोलीला, घाट सुरू होण्याआधी अंगावर चढवावे. वर जाऊन हुडहुडी भरल्यावर घातलेले स्वेटर ऊब राखते. पण गेलेली ऊब लवकर परत येत नाही.

हातमोज्यांबद्दल पोरांचा घोळ असा की लोकरीचे मोजे घातले म्हणजे झाले असे त्यांना वाटते. लोकर ऊब धरते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. वाऱ्याने तीच हवा उडवून लावली की लोकर काय करणार? तिच्यावर वारा अडवणारे काही हवे: कातड्याचे, रेक्झिनचे किंवा दुचाकीसाठी मिळतात ते अस्तराचे मोजे. चांगली जोडी गाडीची टाकी एकदा भरायला लागतात तेवढ्या पैशांत येते. मोज्याचे मनगट लांब असावे आणि जॅकेटची बाही त्याच्याशी नीट जुळावी; तेथे बोटभर फट राहिली तरी वारा थेट कोपरापर्यंत जातो. मोजा घट्ट तर मुळीच नको. घट्ट मोजा रक्त अडवतो आणि बोटे बधिर करतो.

अडचणीच्या वेळी लोकरीच्या मोज्यावर ब्रेडची किंवा दुधाची रिकामी पिशवी चढवून वरून दुसरा मोजा घालावा. पिशवी बाहेर उघडी ठेवू नये, लिव्हरवरून बोटे निसटतात. भांडी घासायचे मोठे रबरी मोजे लोकरीवर चढवणारेही आम्ही पाहिले आहेत. दिसायला गमतीचे, पण वारा अडतो आणि पकडही राहते. फक्त आत घाम साचतो, म्हणून दर थांब्याला काढून हात कोरडे करावे लागतात. उत्तरेकडे, दिल्ली-पंजाबात, हँडललाच जाड खोळी बसवतात आणि हात त्यात घालून गाडी चालवतात. इकडे त्या कमी दिसतात. कोणी बसवल्याच तर हात झटकन बाहेर निघतो का आणि लिव्हर खोळीला अडकत नाही ना, हे आधी गल्लीत तपासावे.

गॅरेजवाल्याला एक काम आवर्जून सांगावे: क्लचच्या केबलमध्ये तेल सोडणे. केबल जड असेल तर गारठलेल्या बोटांना ती ओढवत नाही, आणि घाटात क्लच सारखाच लागतो.

थांबे ठरवून घ्यावेत. दर तीस-चाळीस किलोमीटरला गाड्या बाजूला, मोजे काढून हात काखेत धरायचे, खांदे मोकळे सोडून हात गोल फिरवायचे. असे फिरवले की रक्त बोटांकडे जाते. चहाचा पेला दोन्ही हातांत धरावा. देहू रोड हा आमचा नेहमीचा थांबा. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्यामुळे पाय आपोआप थबकतात. तापलेल्या इंजिनावर किंवा सायलेन्सरवर हात शेकण्याचा मोह मात्र आवरावा. बधिर बोटांना चटका कळत नाही, कळतो तो फोड आल्यावर. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांनी तर गरम पाण्यातही हात घालण्याआधी कोपराने पाणी बघावे. थंडीत कोणाची बोटे पांढरीफटक पडत असतील, मग निळी आणि शेवटी लाल होत असतील, तर तो नुसता गारठा नसू शकतो; त्याने डॉक्टरला दाखवावे आणि या प्रवासाला दुचाकीने जाऊ नये.

"घोटभर घेतली की ऊब येते" असे सांगणारा एखादा प्रत्येक घोळक्यात निघतो. दारूने कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून गरम वाटते. प्रत्यक्षात आतली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते आणि माणूस आधीपेक्षा गारठतो. पंचशीलातले पाचवे शील आम्ही येथे सांगत बसत नाही, ते घरोघरी म्हटले जाते. सिगारेटचे उलटे: ती रक्तवाहिन्या आवळते, म्हणजे थंडीचेच काम करते.

मागे बसणाऱ्यांचा विचार फारसा कोणी करत नाही. त्यांचे हात मोकळे असतात, हालचाल नसते, आणि पेंग आली की पकड सुटते. त्यांनाही मोजे हवेत, हेल्मेट तर हवेच. चार वर्षांवरील प्रत्येकाला ते कायद्यानेच आहे. आणि लेकराला मध्ये दाबून नवरा-बायकोने रात्री घाट चढणे आम्हाला अजिबात पसंत नाही. तान्ह्या मुलाचे हात किती गार झाले ते त्याला सांगता येत नाही. कुटुंब असेल तर रेल्वेने किंवा एसटीने जावे. तरुणांनाही आमचे सांगणे असते की जमल्यास ३१ला दुपारीच निघा, उन्हात घाट चढा, पुण्याकडे कोणा नातलगाकडे रात्र काढा. १८१७ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्री आपले शिपाई शिरूरहून पायी निघाले, ते रात्रभर चालून कोरेगावला पोहोचले. चालणाऱ्याचे अंग तरी तापते. गाडीवर बसलेला नुसता गारठत जातो, वर जागरण.

आणि वर्षातून एक रात्र जाणाऱ्यांचे हे झाले. मुलुंड-बोरिवलीकडे पहाटे दुधाच्या पिशव्या, वर्तमानपत्रे, मागवलेले सामान पोहोचवणारी आपली पोरे दोन महिने रोज हेच सोसतात. त्यांना मोबाईलवर बोट फिरवावे लागते म्हणून मोजे नकोसे होतात. अंगठा आणि पहिले बोट यांची टोके उघडी राहतील असे लोकरीचे मोजे आत आणि वरून सैल मोजा, असे केले तर पत्ता बघताना फक्त वरचा काढावा लागतो.

ज्या माय-भगिनींना विणता येते त्यांनी आतले मोजे घरीच विणावेत. विण बारीक ठेवावी, मनगटाची पट्टी चार बोटे लांब घ्यावी, आणि बोटांच्या सांध्यांवर थोडी ढील सोडावी. बाहेरचा मोजा विकत घेताना आतला घालूनच दुकानात जावे, मूठ वळून क्लच दाबल्यासारखी दहा-वीस वेळा उघडझाप करून बघावी. बोटांच्या बेचक्यात ओढ बसली तर एक माप मोठा मागावा.