देवमाशाच्या पोटातली केळीची पिशवी

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी आहे तसंच.

सुरुवात एका चुकीपासून करतो. मागच्या एपिसोडमध्ये मी ठोकून दिलं होतं की समुद्रातले प्राणी पाण्यात तरंगणारी पिशवी बघतात, त्यांना ती जेलीफिश वाटते आणि ते गिळतात. त्यावर रत्नागिरीहून एका श्रोतीची व्हॉइस नोट आली: "दादा, कासवाचं ठीक आहे. पण जो देवमासा किलोमीटरभर खाली, काळ्याकुट्ट अंधारात शिकार करतो, त्याला पिशवी दिसते कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन आठवडे वाचत बसलो.

केस घेऊ या फिलिपिन्सची. मार्च 2019, दावाओचं आखात. एक तरुण नर देवमासा किनाऱ्याला लागून मेला. क्युव्हिअरचा चोचीचा देवमासा म्हणतात ती जात. दावाओत डॅरेल ब्लॅचली नावाचे गृहस्थ मेलेल्या प्राण्यांचे सांगाडे जमवून म्युझियम चालवतात. त्यांनी पोट उघडलं, तर आत तब्बल 40 किलो प्लास्टिक. तांदळाची 16 पोती, किराणाच्या पिशव्या, आणि चार पिशव्या केळीच्या बागेत वापरतात तशा.

इथे मी वाचायचं थांबलो. कारण आमचं घर रावेर तालुक्यातलं. केळीच्या घडाला थ्रिप्स, ऊन, धूळ लागू नये म्हणून वरून पिशवी चढवतात, तिला आमच्याकडे स्कर्टिंग बॅग म्हणतात. लहानपणी सुट्टीत मी स्वतः त्या चढवल्यात. घड कापला की पिशवीचं काम संपलं. मग ती बांधावर, नाहीतर नाल्यात. आमच्याही.

आता मूळ प्रश्न. हा प्राणी डोळ्यांनी शिकार करतच नाही. डुबकी मारणाऱ्या सस्तन प्राण्यांमधला हा चॅम्पियन. 2,992 मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे, आणि एकदा तर 3 तास 42 मिनिटं श्वास न घेता खाली राहिल्याची. तिथे उजेड शून्य. तो तोंडाने नाही, कपाळातल्या एका यंत्रणेतून क्लिक-क्लिक असे बारीक आवाज सोडतो, ते समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात, आणि त्या प्रतिध्वनीवरून तो ठरवतो की समोर माकूळ आहे की दगड. वटवाघूळ करतं तेच, फक्त पाण्यात.

मग अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या ग्रेग मेरिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला: प्लास्टिक ऐकू कसं येतं? त्यांनी नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर सापडलेला प्लास्टिकचा कचरा गोळा केला, पाण्याखाली टांगला, आणि त्यावर बोटीच्या सोनारने आवाज सोडले. वापरलेल्या फ्रिक्वेन्सींपैकी 38 किलोहर्ट्झ ही या देवमाशाच्या क्लिकच्या बरीच जवळची. 2024 मध्ये निकाल छापून आला. तपासलेल्या प्रत्येक वस्तूचा प्रतिध्वनी देवमाशाच्या खऱ्या खाण्याइतका किंवा त्याहूनही जोरदार होता. प्रत्येक!

विचार केला तर पटतं. माकुळाचं अंग मऊ, जवळजवळ पाण्यासारखंच, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी मुळातच मंद असतो. देवमाशाचा कान या मंद खुणेलाच "जेवण" म्हणायला तयार झालाय. माझ्या रोजच्या कामाच्या भाषेत सांगतो. ऑफिसमध्ये मी अलर्ट सिस्टिमवर काम करतो, आणि फॉल्स पॉझिटिव्हने आमची झोप उडते. पण आमच्याकडे अलर्ट चुकीचा निघाला तर मॉडेल पुन्हा ट्रेन करता येतं. देवमाशाचं मॉडेल लाखो वर्षांत ट्रेन झालंय, आणि प्लास्टिक समुद्रात येऊन जेमतेम सत्तर-पंच्याहत्तर वर्षं होतायत. त्याच्या सिस्टिममध्ये तो क्लासच नाही.

बरं, चूक झाली तर थुंकून टाकता येईल ना? तेही अवघड. ही जात चावत नाही. नराला खालच्या जबड्याच्या टोकाला दोन दात, तेही खायला नाही, भांडायला. जीभ मागे ओढली की तोंडात पोकळी होते आणि माकूळ पाण्यासकट आत खेचलं जातं. स्ट्रॉने सरबत ओढावं तसं. चव घ्यायला थांबणं नाहीच.

पोटात गेल्यावर काय होतं, हा भाग ऐकायला त्रासदायक आहे. पोटाचे कप्पे असतात, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायची वाट अरुंद. प्लास्टिक पचत नाही, गोळा होऊन बसतं. पोट भरलेलं, पण अंगी काहीच लागत नाही. शिवाय देवमाशाला पाणी मुख्यतः खाण्यातूनच मिळतं, म्हणजे जेवण बंद तर पाणीही बंद. दावाओचा देवमासा म्हणूनच हडकलेला आणि शुष्क होता, चहूकडे पाणी असताना. ब्लॅचलींनी सांगितलं की काही प्लास्टिक इतके दिवस आत होतं की त्याचे दगडासारखे गोळे झाले होते.

कासवांबद्दलचं माझं वाक्यही अर्धवटच होतं, तेही दुरुस्त करतो. 2020 मध्ये लॉगरहेड जातीच्या 15 पिल्लांवर प्रयोग झाला. हवेतून वेगवेगळे वास सोडले. कोऱ्या प्लास्टिकच्या वासाकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. पण समुद्रात राहून शेवाळ चढलेल्या प्लास्टिकच्या वासाला ती खाण्याच्या वासासारखीच भुलली. म्हणजे नुसतं दिसणं नाही, वाससुद्धा. आणि निळा देवमासा? तो तर क्रिलमधून, म्हणजे प्लास्टिक खाल्लेल्या खाण्यातून, मायक्रोप्लास्टिक गिळतो. कॅलिफोर्नियाच्या 2022 च्या अंदाजानुसार दिवसाला एक कोटी कणांपर्यंत. तो वेगळा एपिसोड होईल.

आता घरचं. आमच्या शेतालगतचा नाला तापीला मिळतो आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. मध्ये हतनूर आहे, उकाई आहे, त्यामुळे आमचीच पिशवी थेट अरबी समुद्रात पोचते असा दावा मी करणार नाही. तरी पप्पांना फोन केला, फोटो पाठवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पिशवी घातली नाही तर घडावर डाग पडतात. डाग पडला की व्यापारी भाव पाडतो. तू सांग, काय करू?"

मी म्हटलं, वापरा, फक्त नाल्यात टाकू नका, भंगारवाल्याला द्या. भंगारवाला आला आणि म्हणाला, चिकाची, मातीची पिशवी घेत नाही, धुऊन वाळवून द्या. सध्या गोठ्यामागे दोन पोती भरून पडल्यात आणि आई माझ्यावर वैतागलीये, कारण धुवायचं काम कोण करणार हे मी पुण्यात बसून ठरवलंय.

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, तिकडून कोणी ऐकत असेल आणि अशा पिशव्या घेणारा माहीत असेल, तर व्हॉइस नोट टाका. चिकासकट घेणारा असेल तर आधी आईला कळवतो.