नव्या गाडीवरील खडीचे टवके आणि ओरखडे

द्राक्षाचे, डाळिंबाचे किंवा उसाचे पैसे हाती आले की घरात नवी मोटार किंवा पिकअप येते. पेढे वाटून होतात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि महिना उलटायच्या आत बॉनेटवर पहिला पांढरा ठिपका दिसतो. त्या दिवशी घरातील सर्वांचा जीव हळहळतो. यानंतर बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट घडताना आढळते. काहीजण गाडी थेट गॅरेजला नेऊन सगळे बॉनेट नव्याने रंगवून घेतात. काहीजण ‘शेतकऱ्याची गाडी, ओरखडे येणारच’ असे म्हणून त्याकडे पाहणेच सोडून देतात. पहिल्या प्रकारात पैसा वाया जातो, तर दुसऱ्या प्रकारात दोन-तीन पावसाळ्यांनंतर पत्रा जातो. लहान टवका आठवडाभरात घरच्या घरी भरून घेणे हा यावरचा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे.

रंगाचे थर

मोटारीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतो. त्यावर प्रथम गंजरोधक अस्तर, मग प्राइमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर असे थर असतात. हे सगळे थर मिळून जाडी सुमारे १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग भरते. कारखान्यात रंग लावल्यावर गाडीचा सांगाडा भट्टीतून नेऊन १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला जातो. गॅरेजमध्ये एवढी उष्णता देता येत नाही, कारण तोवर गाडीत रबर, प्लॅस्टिक व वायरिंग बसलेले असते. म्हणून मूळ रंग जितका राखता येईल तितका राखावा. जुनी गाडी घेणारा जाणकारही पत्रा दुसऱ्यांदा रंगवला आहे काय, हे आधी पाहतो आणि अपघाताची शंका घेऊन किंमत पाडतो.

ओरखडा किती खोल?

गाडी धुऊन, सावलीत उभी करून पाहणी करावी. ओरखड्यावर पाण्याचा हात फिरवल्यावर तो दिसेनासा होत असेल आणि आडवे नख फिरवताना अडकत नसेल, तर तो फक्त वरच्या लॅकरमध्ये आहे. तो बारीक रबिंग कंपाउंड व पॉलिशने हलक्या हाताने कमी करता येतो. मात्र दर वेळी थोडा लॅकर घासला जातो, हे लक्षात घेऊन पॉलिशचा सोस धरू नये. नख अडकत असेल व तळाशी करडा किंवा पांढरट थर दिसत असेल, तर प्राइमर उघडा पडला आहे. चकाकता किंवा तपकिरी धातू दिसत असेल तर मात्र दिरंगाई करू नये. बंपर बहुधा प्लॅस्टिकचा असतो, त्याला गंज चढत नाही. त्यावरील टवके तसेच राहिले तरी नुकसान नाही.

गंज टवक्यापुरता थांबत नाही. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कित्येक पट जास्त जागा घेतो. त्यामुळे तो कडेचा रंग आतून उचलतो, रंगाखाली फुगवटा येतो, पोपडा सुटतो आणि नवा धातू उघडा पडतो. गव्हावरील तांबेरा वेळीच आवरला नाही तर पानभर पसरतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की हा आतून पसरतो व बाहेरून उशिरा दिसतो.

शेतावरील गाडीला अधिक धोका

शहरातील गाडीपेक्षा शेतावरील गाडी लवकर गंजते, याचे कारण खतांत आहे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते. अमोनियम सल्फेट व इतर अमोनियायुक्त खतेही लोखंडाला बाधतात. सांडलेले खत हवेतील ओल ओढून घेते व त्याचे खारट पाणी पत्र्यावर चिकटून राहते. पिकअपच्या हौद्यात रबरी मॅट असेल तर हे पाणी तिच्याखाली दिवसेंदिवस टिकते. खताची पोती उतरवल्यावर मॅट उचलून हौदा साध्या पाण्याने धुवावा व वाळू द्यावा. कोकण किनाऱ्यावर खारी हवा हेच काम करते.

द्राक्ष बागायतदारांना आणखी एक गोष्ट चांगली परिचयाची आहे. बोर्डो मिश्रण जमले की नाही हे पाहण्यासाठी आपण त्यात लोखंडी विळा बुडवतो. विळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजतो. त्या वेळी द्रावणातील तांबे विळ्यावर बसत असते आणि त्याच्या बदल्यात विळ्याचे लोखंड द्रावणात जात असते. टवका उडालेल्या पत्र्यावर असे मिश्रण सांडले तर तेथेही हेच घडते. म्हणून फवारणीच्या वेळी मोटार बागेच्या कडेला उभी करू नये आणि शिंतोडे उडालेच तर त्याच दिवशी धुवावेत.

टवका भरण्याची रीत

कोरड्या हवेचा दिवस निवडावा. दव उतरल्यावर, सावलीत आणि पत्रा तापलेला नसताना काम करावे. दमट हवेत लावलेला लॅकर पांढुरका पडतो. गाडीचा रंग-क्रमांक दाराच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर सहसा असतो. त्याच क्रमांकाची टचअप बाटली घ्यावी. ‘लाल रंग द्या’ म्हणून आणलेला लाल आपल्या लालाशी कधी जुळत नाही.

जागा साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, मेणाचा अंश जाण्यासाठी स्पिरिटच्या कापडाने पुसावी. थिनरने चोळू नये. एकदा गॅरेजमध्ये रंगवलेला भाग असेल तर तो मऊ होतो. गंज आला असल्यास आगकाडीच्या टोकाला पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवून फक्त टवक्याच्या आतील भाग चकाकेपर्यंत घासावा. सुटलेली कड राहू देऊ नये, कारण तिच्याखाली ओल शिरते. मग काडीच्या टोकाने गंजरोधक प्राइमरचा अगदी पातळ थेंब खळग्यात सोडावा. तो पूर्ण वाळल्यावर रंगाचा थर द्यावा. एकाच वेळी खळगा भरण्याचा मोह होतो, पण जाड थेंब वरून वाळतो व आत ओला राहतो. दोन-तीन पातळ थर, प्रत्येकामध्ये किमान अर्धा तास ठेवून द्यावेत. शेवटी लॅकर लावावा. आठवडाभर त्यावर पॉलिश लावू नये. जवळून पाहिल्यास ठिपका दिसेल, पण त्याची फिकीर करू नये. पत्रा झाकला गेला म्हणजे काम झाले.

लहान टवक्यात लांबी भरू नये. लांबी ओल शोषते आणि उघड्या पत्र्यावर ती दिल्यास खाली गंज धरतो. ऐन पावसात टवका उडाला व टचअप जवळ नसेल, तर जागा कोरडी करून घरातील रंगहीन नेलपॉलिशचा थर द्यावा. उघडीप मिळाल्यावर तो काढून वरील रीतीने पक्के काम करावे. तळहाताएवढा रंग गेला असेल किंवा पोपडे सुटत असतील तर मात्र गॅरेजच गाठावे.

टवके कमी कसे होतील?

नव्याने डांबरीकरण केलेल्या रस्त्यावर सुटी बारीक खडी असते. वेग दुप्पट झाला तर खड्याच्या माऱ्याचा जोर चौपट होतो. अशा रस्त्यावर वेग कमी ठेवावा व पुढील ट्रकपासून दूर राहावे. चारही मडफ्लॅप शाबूत असावेत. पाणंदीच्या दोन्ही कडांची वेडी बाभूळ तोडून घेतली तर दारांवरील लांब ओरखडे निम्म्याहून कमी होतील, असा आमचा अंदाज आहे. हे काम गावाने मिळून करण्याजोगे आहे. सिरॅमिक कोटिंगने चमक टिकते व गाडी धुणे सोपे जाते, परंतु खडीचा मार त्याने अडत नाही. तो अडवणारी जाड पारदर्शक फिल्म मिळते, पण ती महाग आहे. लावायचीच तर बॉनेटची पुढची कड एवढ्यावर भागते.

बारीक ओरखडे मात्र बहुधा आपणच पाडतो. धुळीने माखलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली की धुळीतील वाळू पॉलिश पेपरचे काम करते. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मगच हात लावावा. चमक यावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवू नये. त्यावर धूळ अधिक बसते व रबर खराब होते. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावल्यास तुडतुड्यांचा चिकटा पडतो. तो खरवडून न काढता कोमट पाण्याने भिजवून धुवावा.

लहान टवक्यासाठी विम्याचा दावा करण्याआधी हिशेब मांडावा. पहिल्या वर्षी दावा नसल्यास नूतनीकरणावेळी गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते आणि ती पुढे ५० टक्क्यांपर्यंत वाढते. एका दाव्याने ती जाते.

दाराच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी बारीक छिद्रे असतात. चिखलाने ती बुजली की दार आतून गंजते. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा बारीक काडीने ती मोकळी करावीत. दार उघडताना आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला, तर छिद्रे बुजली आहेत असे समजावे.