मणक्याचा मार आणि भरपाईची फाईल

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला, आनंदच आहे. पण याच रस्त्याने आपली माणसे दुचाकीवर तिघे बसून, ऑटोला लटकून, कपाशी वेचायला टेम्पोत उभी राहून जातात. अपघात झाला की मेलेल्याची बातमी येते. जो वाचतो, पण कंबरेखाली हलत नाही, त्याची बातमी येत नाही. तो खाटेवर असतो आणि त्याच्याबरोबर सारे घर खाटेला बांधले जाते.

आम्ही नर्सिंग केलेल्या आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करणाऱ्या बायका. अशा घरी गेलो की जखमा, नळी, गादी बघतोच. पण हल्ली आधी विचारतो, "कागद कुठे आहेत?" बहुतेक वेळा एक प्लास्टिकची पिशवी पुढे येते. तीत एमआरआय असतो, डिस्चार्ज कार्ड असते, औषधांची बिले मात्र नसतात. एका आईने आम्हाला सरळ सांगितले, "सिस्टर, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाले आमच्यापाशी कुठं पैसे हायेत? त्याईनं पन्नास हजार देल्ले, आमी मिटवून टाकलं." मुलगा पंचविशीतला. पन्नास हजार रुपयांत किती वर्षांच्या लघवीच्या नळ्या येतात, हा हिशेब त्या माऊलीला कोणी करून दाखवला नव्हता. म्हणून तो येथे मांडतो.

मज्जारज्जू म्हणजे मणक्याच्या पोकळीतून जाणारा नसांचा जाड दोर. मानेत मार लागला तर हात-पाय दोन्ही जातात, पाठीत किंवा कंबरेत लागला तर पाय जातात. त्याबरोबर लघवी-संडासचा ताबाही जातो. हाड जुळते, ऑपरेशन करून प्लेटही बसते, पण तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जोडून पूर्ववत करणारे औषध आजमितीस नाही. कोणी जडीबुटीवाला सहा महिन्यांत चालवतो म्हणाला तर पैसे देऊ नका. अपघाताच्या जागी चार जणांनी हात-पाय धरून उचलू नये. मान न हलवता, अंग एका रेषेत ठेवून, फळीवर किंवा दारावर घ्यावे आणि १०८ ला फोन करावा. मे २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत विनारोकड उपचाराची केंद्राची योजनाही लागू आहे. दवाखान्यात तिचे नाव घेऊन विचारावे.

भरपाईची केस दवाखान्याच्या दारातच सुरू होते. नोंदणी करताना अपघात कसा झाला हे खरे सांगावे आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांत कळवायची नोंद, करून घ्यावी. गाडीवाल्याच्या ओळखीचा कोणी "घसरून पडला असं लिहा" म्हणतो आणि घाबरलेले नातेवाईक मान डोलावतात. ते एक वाक्य पुढे विमा कंपनीचा वकील दहा वेळा वाचून दाखवतो. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीचा नंबर, विम्याची प्रत आणि ड्रायव्हरचे लायसन्स पोलिसांकडून मागून घ्यावे. तो आपला अधिकार आहे.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. तेथे जिल्ह्याचेच न्यायाधीश बसतात. अपघात पुण्याला किंवा सुरतेला झाला तरी आपण जेथे राहतो तेथे, म्हणजे अमरावतीला किंवा अकोल्यालाच, दावा टाकता येतो. बांधकामावर बाहेरगावी गेलेल्या आपल्या मजुरांसाठी ही मोठी सोय आहे आणि फार थोड्यांना ती ठाऊक असते. मोटार वाहन कायद्यातील बदलानुसार १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नये. सहा महिने दवाखान्यातच निघून जातात, म्हणून घरातल्या एकाने रुग्णाजवळ आणि एकाने कागदांमागे राहावे. ठोकर देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर गंभीर जखमीला सरकारकडून पन्नास हजार मिळतात. ते तहसील-उपविभागीय कार्यालयातून मागायचे.

आता रकमेचे. मुंबईतील एक ज्येष्ठ वकील आर. डी. हट्टंगडी मोटार अपघातात कंबरेखाली लुळे झाले. त्यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली जो निकाल दिला, तो आजही अशा प्रत्येक दाव्यात वाचला जातो. भरपाईचे दोन भाग वेगळे धरा, असे त्यात सांगितले आहे. एक भाग पैशात मोजता येतो: उपचार, बुडालेली कमाई, पुढचा खर्च. दुसरा मोजता येत नाही: वेदना, गमावलेले जगणे. न्यायालयाने हेही मानले की दुसऱ्या भागात थोडा अंदाज आणि थोडी सहानुभूती येणारच. तो दावा एका नामांकित वकिलाचा होता. गवंड्याचा मणका त्याहून स्वस्त नाही आणि गवंड्याला तर बसून करता येणारे दुसरे कामही नसते.

नेमका हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट केला. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरील टक्के वेगळे आणि कमाईची ताकद किती गेली ते वेगळे. समजा, तीस वर्षांचा गवंडी महिन्याला १२,००० कमावत होता. वर्षाचे झाले १,४४,०००. स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या चाळीशीखालच्या माणसाची कमाई पुढे वाढली असती म्हणून ४० टक्के जोडायचे, झाले २,०१,६००. तिशीच्या वयाला गुणक १७ लागतो, म्हणजे ३४,२७,२००. प्रमाणपत्रावर ६० टक्के लिहिले आहे आणि वकिलाने तेवढेच धरले, तर हाती येतात २०,५६,३२०. पण दोन्ही पाय गेलेला गवंडी परांचीवर ६० टक्के चढतो का? त्याची कमाई शंभर टक्के गेली. हे न्यायाधिकरणाला पटवावे लागते आणि त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते. डॉक्टर कोर्टात यायला नाखूश असतात. चिकाटीने मागे लागावे. फरक पावणेचौदा लाखांचा आहे.

यात सेवा करणाऱ्याचा खर्च वेगळा. बायको करते, आई करते, म्हणून तो शून्य होत नाही. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० च्या निकालात बारा वर्षांच्या, मेंदूला मार लागलेल्या हरियाणातील मुलीसाठी सर्वोच्च न्यायालयाने सेवेकऱ्यांचा खर्चही गुणक लावून आयुष्यभराचा धरला. आपल्या गवंड्याला महिना ६,००० धरले तरी सतरा गुणकाने १२,२४,००० होतात. आम्ही पाहतो की त्याची बायको वेचणीला, निंदणाला जाणे सोडून घरी बसते. घराच्या दोन कमाया जातात, आणि अर्जात तिचे नाव फक्त "अर्जदाराची पत्नी" म्हणून येते. वकिलाला हे सांगून लिहून घ्यावे.

पुरावा कशाचा? येथे आमचा नर्सपणा कामी येतो. घरी एक वही ठेवावी. त्यात तारखेसह लिहावे: नळी बदलली, डायपर किती लागले, वॉटर बेड घेतला, फिजिओथेरपीवाला आला, ऑटोने इर्विनला किंवा अकोल्याच्या सर्वोपचारला गेलो, भाडे किती. मेडिकलवाल्याकडून प्रत्येक वेळी पक्के बिल घ्यावे. दिव्यांगत्वाचे युडीआयडी कार्ड काढावे. मजुरीचा पुरावा म्हणून मुकादमाची हजेरी, बँकेचे पासबुक, बांधकाम कामगाराचे कार्ड, जे असेल ते जोडावे.

आमच्या भागातली सर्वांत कडू गोष्ट टेम्पो-ट्रॉलीची. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात ठरवले. म्हणजे सोयाबीन काढणीला ट्रॉलीत बसून गेलेल्या मजुराचा मणका मोडला, तर कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकावर येते, ज्याच्याकडून वसुली होता होत नाही. काही प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. तो आदेश वकिलाने मागितलाच पाहिजे. आणि कामावर नेताना-आणताना अपघात झाला असेल तर दुसरी वाटही तपासावी, कामगार म्हणून.

ही वाट १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याची. आता, नोव्हेंबर २०२५ पासून, त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मजुरीच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, अपघात कामामुळे व कामावर असताना झाला एवढे पुरते. ठेकेदार पळाला तरी मुख्य मालकाला धरता येते. ट्रॅक्टर किंवा यंत्रावरच्या शेतीकामातला मजूरही यात येतो. वाहन अपघात असेल तर दोन्हीपैकी एकच वाट निवडावी लागते. एमआयडीसीतल्या कामगाराचा ईएसआय कापला जात असेल, तर भरपाई ईएसआयकडूनच, महिन्याच्या रकमेच्या रूपात.

झाडावरून, विहिरीत पडले तर? तेथे बहुधा कोणावर दावा नसतो, योजनाच उरतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख आहेत, पण ती सातबारावाल्या कुटुंबासाठी. भूमिहीन मजूर बाहेर. हा अन्याय आहे आणि त्यावर निवेदने दिली पाहिजेत. तोवर बँकेतून वर्षाला २० रुपये कापून घेणारा पंतप्रधान सुरक्षा विमा प्रत्येकाने घ्यावा. दोन्ही पाय कायमचे निकामी झाल्यास त्यात दोन लाख मिळतात, मात्र तीस दिवसांत बँकेत कळवावे लागते.

ऑपरेशनमध्ये चूक होऊन पाय गेले तर प्रशांत धनंका यांचे प्रकरण लक्षात ठेवावे. १९९० साली हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये शस्त्रक्रियेनंतर हा विशीतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी लुळा झाला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने एक कोटी रुपये दिले. त्याने व्हीलचेअरवरून आपली बाजू स्वतः मांडली होती. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जावे लागते. सर्वांना पूर्ण मोफत उपचार देणारा सरकारी दवाखाना त्या आयोगाच्या कक्षेत येत नाही, तेथे दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालय.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नये. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि दिव्यांगाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धही अनुसूचित जातींत धरले जातात. जातीचा दाखला घेऊन जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा १५१०० वर फोन करावा. खाजगी वकील भरपाईत टक्केवारी मागत असेल तर ते वकिली नियमांविरुद्ध आहे. लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण तेथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून वरचा हिशेब हातात ठेवूनच सही करावी. न्यायाधिकरणाची रक्कम कमी वाटली तर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाता येते.

केस वर्षानुवर्षे चालू शकते. तोवर रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर फिरवावे, माकडहाड, टाचा आणि नितंब रोज उजेडात बघावेत. लाल डाग दिसला आणि दाबल्यावर तो पांढरा पडला नाही, तर त्या बाजूवर निजवू नये. जखम झालीच तर तारखेसह फोटो काढून दवाखान्यात दाखवावी आणि तो कागदही फाईलला लावावा.