समुद्रावरचे बिऱ्हाड

बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून जहाजात चढल्यावर, लांबच लांब बोळांतून आपला क्रमांक शोधीत आम्ही आमच्या खोलीपाशी येऊन पोहोचलो आणि दार उघडताच माझी लेक तिथेच थबकून म्हणाली, ‘‘आई, एवढीशीच?’’ तिच्या कडेवर वीस महिन्यांची माझी नात होती, खांद्याला दूधपावडर आणि बाटल्यांची पिशवी होती, जावयांना रजा न मिळाल्यामुळे आम्ही दोघीच त्या मुलीला घेऊन निघालो होतो, आणि गोव्यापर्यंत जाऊन परत येईतो तीन रात्री त्याच खोलीत काढायच्या होत्या. खोली आतल्या बाजूची, म्हणजे खिडकी नसलेली. जुन्या बांधणीच्या प्रवासी जहाजांवर अशा खोलीचे क्षेत्रफळ सव्वाशे-दीडशे चौरस फुटांच्या घरात असते, आणि तेवढ्यातच न्हाणीघर, कपाट, आरशाचे मेज व दोन पलंग बसवलेले असतात.

मला त्या आकड्याचे भय वाटले नाही, कारण माझे सगळे बालपण गिरगावातील एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत गेले, वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळींतील खोल्याही १६० चौरस फुटांच्याच, आणि तेवढ्या जागेत पाळण्यातल्या मुलासकट सात-आठ माणसांची बिऱ्हाडे पिढ्यान् पिढ्या नांदली. ती नांदली ती जागेची वाटणी भिंतींनी न करता वेळेने केल्यामुळे. पहाटे जी जमीन स्वयंपाकघर असे, तीच दुपारी अभ्यासाची खोली होई आणि रात्री नऊनंतर अंथरुणांखाली नाहीशी होई. कोणत्या वेळी कोणत्या कोपऱ्यावर कोणाचा हक्क, ही वहिवाट कुठे लिहून ठेवलेली नव्हती, तरी ती मोडण्याची कोणाची छाती नव्हती. लहान मुलासह जहाजाच्या खोलीत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ही वहिवाट पहिल्याच संध्याकाळी बसवावी लागते, असे माझे अनुभवांती ठाम मत झाले आहे.

कोणी म्हणेल, जहाज एवढे विस्तीर्ण, नाटकघर, भोजनगृहे, पोहण्याचे तलाव असताना खोलीचा एवढा विचार कशाला? पण चालू लागलेल्या आणि अद्याप तीन वर्षे न भरलेल्या मुलाला त्या वैभवातील फारच थोडे उपभोगता येते. बहुतेक जहाजांवर मुलांना सांभाळणारी क्रीडागृहे तीन वर्षांपुढच्या आणि लंगोट सुटलेल्या मुलांसाठी असतात, डायपर घातलेल्या मुलांना स्वच्छतेच्या नियमानुसार तलावात उतरू देत नाहीत, आणि रात्रीचे कार्यक्रम त्यांच्या झोपेच्या वेळी सुरू होतात. म्हणून इतर प्रवासी ज्या खोलीत केवळ पाठ टेकण्यापुरते येतात, तिथे या मुलाचा आणि त्याच्या आईचा अर्धा दिवस जातो.

सामान लावण्याचे काम आम्ही मुलीला जमिनीवर सोडण्याच्या आधी केले. पलंगाखाली बॅगा सरकवण्याइतकी जागा असते. त्या तिथे गेल्या की जमीन मोकळी होते. जहाजाच्या भिंतीला खिळा ठोकता येत नाही, पण ती बहुधा पोलादी पत्र्याची असल्यामुळे लोहचुंबकाचे आकडे तिला घट्ट चिकटतात. अशा सहा आकड्यांवर टोपरी, दुपटी, ओले कपडे आणि औषधांची थैली मुलीच्या हाताबाहेर टांगली गेली. मेजावरचा दूरध्वनी वर ठेवला. लहान शीतपेटीतील विकत घ्यावयाच्या बाटल्या काढून नेण्यास खोली सांभाळणाऱ्या गृहस्थांना सांगितले, म्हणजे ती पेटी दही आणि केळ्यांना मोकळी झाली. जहाजाची घडीची खाट आम्ही तिकिटाच्या वेळीच मागून ठेवली होती. अशा खाटा मोजक्याच असतात, आणि ऐन वेळी मागणाऱ्याला ती मिळतेच असे नाही. भिंतीतून उघडणारे वरचे पलंग या वयाच्या मुलासाठी नव्हेत.

खोली सांभाळणारे हे गृहस्थ गोव्याचे, साष्टीतले. जहाजावरच्या नोकरीला गोव्यात मोठी परंपरा आहे. तिथे दर्यावर्दी माणसाला तारवटी म्हणतात, आणि बोटीची वाट पाहणाऱ्या अशा तारवट्यांसाठी गावोगावच्या मंडळींनी मुंबईत धोबीतलावाच्या आसपास ‘कूड’ नावाच्या वसतिस्थानांची तजवीज केली होती. आमच्या चाळीपासून ती हाकेच्या अंतरावर होती आणि लहानपणी त्यांच्या खिडक्यांतून ऐकू येणारे व्हायोलिन मला अजून आठवते. मी कोकणीत बोलू लागल्यावर त्या गृहस्थांचा चेहरा उजळला. खोलीचे जड दार आपोआप आपटून लहान बोटे चेपली जाऊ नयेत म्हणून पंच्याची गुंडाळी बिजागरीपाशी कशी ठेवावी, हे त्यांनी स्वतः गुडघे टेकून दाखवले. ते स्वतः दोन मुलांचे बाप होते आणि त्या वर्षी सात महिने घराबाहेर होते.

न्हाणीघराविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मुलाच्या दृष्टीने जहाजातील सर्वांत अद्भुत आणि सर्वांत धोक्याची जागा तीच. त्याच्या दाराशी वीतभर उंचीचा उंबरठा असतो. जहाज एका अंगावर कलले तरी आतले पाणी खोलीत येऊ नये, हे त्याचे प्रयोजन. मोठी माणसे त्याला ठेचकाळतात, मग नुकते चालू लागलेल्या मुलाची गोष्ट काय! पहिल्या दिवशी नात त्यावर दोनदा पडली. नंतर मी तिचे बोट धरून दर वेळी ‘‘उंबरा आला, पाय वर’’ असे म्हणू लागले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच तिथे थांबून, एका हाताने चौकट धरून, गुडघा छातीपर्यंत उचलून, ‘‘उंबा’’ असे गंभीरपणे उच्चारून पलीकडे पाय टाकू लागली. शौचकूपाची गोष्ट निराळी. ते पाण्याच्या लोंढ्याने नव्हे तर हवेच्या ओढीने चालते. घरी ज्या कामाला सहा-सात लिटर पाणी लागते ते तिथे लिटर-सव्वा लिटरात होते, आणि समुद्रावर गोड्या पाण्याचे मोल लक्षात घेता ही युक्ती फार शहाणपणाची आहे. पण त्या ओढीचा आवाज बंद खोलीत असा कडाडतो की मूल दचकून किंचाळते. झाकण लावून मग कळ दाबावी, आणि त्यापूर्वी मुलाला दाराबाहेर कोणाच्या तरी कुशीत द्यावे. बादली, तांब्या, पाट यांपैकी तिथे काहीच नसते, फक्त हातात धरायचा फवारा; लेकीने स्वतः खाली बसून मुलीला मांडीवर घेतले आणि आम्ही बाळंतघरातल्यासारखी तिला न्हाऊ घातली.

खरी परीक्षा रात्रीची. बिनखिडकीच्या खोलीत दिवे मालवले की जो अंधार होतो, तसा शहरात वाढलेल्या माणसाने क्वचितच पाहिलेला असतो. त्याला किनार नसते, फट नसते, आणि पहाटही नसते. आपल्या देहातील झोपेचे घड्याळ प्रकाशाच्या आधारे चालते, अंधार पडला की मेलॅटोनिन नावाचा स्राव वाढतो आणि उजेडाने तो ओसरतो. हा आधारच काढून घेतला की मोठ्यांचाही गोंधळ होतो. पहिल्या रात्री नात तीन वाजता उठून, सकाळ झाली असे समजून, खाटेच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि चिऊताईला हाका मारू लागली. लेकीने दिवा लावला, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. पाच वाजेपर्यंत आम्ही तिघी जाग्या होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच तारवटी गृहस्थांनी उपाय सांगितला. अनेक जहाजांवर खोलीतील दूरदर्शन संचाच्या एका वाहिनीवर जहाजाच्या नाळेकडील कॅमेऱ्याचे थेट चित्र अहोरात्र चालू असते. आवाज बंद करून ते चित्र ठेवले आणि संचावर पातळ दुपटे टाकले, म्हणजे रात्रभर पडदा जवळजवळ काळाच राहतो; साडेपाच-सहाच्या सुमारास तो राखाडी होतो, मग निळसर, मग दुपट्याच्या विणीतून फिकट गुलाबी. ज्या खोलीला खिडकी नव्हती तिच्यात अशी खरी पहाट उगवताना मी पाहिली. नात त्या पहाटेनेच जागी झाली, पडद्याकडे बोट दाखवून ‘‘पाणी’’ म्हणाली, आणि त्या क्षणी जहाजाच्या पुढ्यात जे पाणी होते, ते खरोखर तेच होते.

पण रात्र आठ वाजताच सुरू होते, हे विसरून चालत नाही. मूल झोपले की त्याच खोलीतल्या मोठ्यांनी दिवा लावायचा नाही, बोलायचे नाही, कपाटाचे दार वाजवायचे नाही. अशा कोंडमाऱ्यात दोन रात्रींत माणसे एकमेकांवर चिडतात आणि राग अखेर मुलावर निघतो. यावरचा मार्ग खुद्द जहाजाच्या कारभारातच सापडला. जहाजाच्या चालककक्षात अधिकारी चार-चार तासांच्या पाळ्यांनी उभे असतात, बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा, आणि ज्याची पाळी संपली त्याला पुढचे आठ तास कोणी बोलावीत नाही. आम्हीही तसेच ठरवले. आठ ते साडेदहा मी खोलीत, लेक वर मोकळ्या हवेत. साडेदहाला ती परतली की मी बोळाच्या टोकाच्या दारातून गच्चीवर. पाळीवर असलेल्याने जागे राहायचे आणि नसलेल्याने काळजी करायची नाही, हा करार. मूल झाल्यापासून वीस महिन्यांत प्रथमच सलग अडीच तास एकटी बसले, असे लेक मला नंतर म्हणाली, आणि हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते. आईपणाच्या पहिल्या दोन वर्षांत स्त्रीला जी विश्रांती मिळावयास हवी ती आपल्या घरांत मिळत नाही, याचा मला त्या वेळी फार विषाद वाटला.

खाण्याचे निभावून जाते. मऊ भात, वरण, दही मिळते. आगीच्या भयास्तव खोलीत पाणी उकळण्याचे भांडे बहुधा नेऊ देत नाहीत, सबब उकळते पाणी भोजनगृहातून थर्मासमध्ये भरून आणावे. आम्ही मेतकुटाचे बंद पाकीट नेले होते, त्याचा फार उपयोग झाला. बोट लागण्याची धास्तीही या वयात फारशी नसते: कानाच्या आतील तोल सांभाळणारी इंद्रिये आणि डोळे यांच्या साक्षी जुळेनाशा झाल्या की मळमळ सुरू होते, परंतु दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास क्वचितच होतो. मोठ्यांना होतो, आणि आजारी आई ही मुलाची मोठी अडचण. म्हणून खोली शक्यतो जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे हेलकावा कमी असतो.

एका बाबतीत मात्र मी कोणाची भीड ठेवली नाही. प्रवासाच्या आरंभी संकटकाळाची तालीम होते, सात आखूड आणि एक लांब असा भोंगा वाजतो आणि प्रत्येकाला आपली जमण्याची जागा दाखवली जाते. आमच्या खोलीतील कपाटात जीवरक्षक जॅकेटे होती ती फक्त मोठ्यांची. १५ किलोंहून कमी वजनाच्या मुलासाठी निराळ्या घडणीचे जॅकेट असते, आणि २४ तास वा त्याहून अधिक चालणाऱ्या प्रवासात जहाजावरील अशा प्रत्येक मुलामागे एक जॅकेट असलेच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मी ते मागितले, अर्ध्या तासात ते आले, आणि त्याचे पट्टे नातीच्या अंगावर बसवून पाहिल्यावरच मी खाली बसले. कोकणच्या माणसाला हा हट्ट समजावून सांगावा लागणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्रात गेली. आमच्या चाळीत त्या बोटीचे नाव पुढे कित्येक वर्षे हळू आवाजात घेतले जाई. पावसाळा सरून बोटी पुन्हा सुरू झाल्या की माझी आई आम्हां भावंडांना घेऊन देवगडला जाई. डेकवर सतरंजी अंथरी, धाकट्याला कुशीत घेई आणि आपल्या पदराचे टोक त्याच्या मनगटाला बांधून मगच डोळा मिटी. रात्रीतून कितीदा तरी ती तो पदर हलकेच ओढून पाही.

तिसऱ्या दिवसापर्यंत आमची वहिवाट पक्की झाली होती. दोन पलंगांमधली जेमतेम तीन हातांची पट्टी नातीच्या मालकीची, तिथे मोठ्यांनी चप्पल ठेवायची नाही. तिथे तिने तिच्या दोन डब्या आणि लाकडी चमचा मांडला होता, आणि बाहेरून आली की आधी ती मांडणी जागच्या जागी आहे ना हे पाही. मुरगावला उतरलो तेव्हा वाळूपेक्षा तिला परत खोलीत जाण्याचीच ओढ अधिक. ‘‘घली,’’ म्हणे. घर म्हणजे ती पट्टी.

परत आल्याला आज तीन आठवडे झाले. लेकीच्या घरी न्हाणीघराला उंबरठा नाही, फरशी सलग गेलेली आहे. तरीही नात तिथे पोहोचली की थांबते, चौकटीला हात लावते, गुडघा छातीपर्यंत उचलते, ‘‘उंबा’’ म्हणते, आणि नसलेला उंबरठा ओलांडून आत जाते.