चप्पन कद्दू : बी, फूल आणि फळ

पंजाब, दिल्ली आणि पश्चिम उत्तर प्रदेश ह्या भागांत थंडी ओसरली की बाजारात एक कोवळा, हिरवा, बेताच्या आकाराचा भोपळा येऊ लागतो. त्याला तिकडे चप्पन कद्दू म्हणतात. महाराष्ट्रातील शहरांत झुकिनी ह्या इटालियन नावाने विकली जाणारी लांबट फळभाजी त्याचीच भावंड होय. वनस्पतिशास्त्रात दोहोंचेही नाव कुकुर्बिटा पेपो असेच आहे. भोपळा म्हटला की मांडवावर चढलेला वेल डोळ्यांसमोर उभा राहतो. चप्पन कद्दूचे झाड मात्र आखूड पेरांचे, झुडपासारखे असून सुमारे एक मीटर औरसचौरस जागेत मावते. परसबागेच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे.

ह्या भोपळ्याची जन्मभूमी मेक्सिको. तेथील गिला नाकिट्झ नावाच्या गुहेत सापडलेल्या बियांपैकी काही सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. रानटी भोपळ्याचा गर अतिशय कडू असतो. तेव्हा आरंभी मनुष्याने हे झाड बियांसाठी आणि टणक सालीसाठी जवळ केले असावे, असे मानतात. पुढे कडू नसलेल्या फळांचे बी राखून ठेवण्याचा क्रम पिढ्यानपिढ्या चालू राहिला आणि खाण्याजोगा भोपळा तयार झाला. हा जुना कडूपणा मात्र समूळ नाहीसा झालेला नाही.

उत्तरेकडील मैदानी प्रदेशात फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि डोंगराळ भागात एप्रिल-मेमध्ये बी लावतात. माती १५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल तर बी बहुधा कुजते, म्हणून घाई करण्यात लाभ नाही. वीतभर खोल आळे करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे आणि दोन-तीन सेंटिमीटर खोलीवर तीन बिया टोकाव्यात. रोपांना खरी पाने फुटली की सर्वांत सशक्त रोप ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. ती उपटली तर ठेवलेल्या रोपाच्या मुळांना धक्का बसतो.

मातीखाली ह्या काळात जे घडते ते पाहण्यासारखे असते. बीमधून मूळ बाहेर पडून खाली वळले की मूळ आणि खोड ह्यांच्या सांध्यावर, खालच्या अंगाला, एक लहानशी खुंटी उगवते. ती टरफलाची कड दाबून धरते. वरचे कोवळे खोड कमानीसारखे वाकून जोर लावते आणि बीजपत्रे टरफलातून ओढून बाहेर काढली जातात. चार्ल्स डार्विनने वनस्पतींच्या हालचालींवरील आपल्या १८८० च्या ग्रंथात ह्या खुंटीचे वर्णन केलेले आहे. ती खालच्याच अंगाला का यावी? १९९८ मध्ये काकडीचे बी अंतराळयानात रुजविण्यात आले, तेव्हा रोपांना दोन्ही अंगांना खुंट्या आल्या. गुरुत्वाकर्षण खुंटी निर्माण करीत नाही, तर वरच्या अंगाची खुंटी दाबून टाकते, असा त्याचा अर्थ होतो. शाळेत काचेच्या भांड्यात, काचेला लागून बी पेरल्यास हा सगळा प्रकार विद्यार्थ्यांना उघड्या डोळ्यांनी पाहता येईल.

पाने मोठी झाल्यावर त्यांवर पुष्कळदा रुपेरी ठिपके दिसतात. ते बहुधा जन्मजात असतात, रोगाचे नव्हेत. बोटाने पुसता येणारी पांढरी भुकटी असेल तर मात्र ती भुरी समजावी.

खरी निराशा पदरी येते ती फुलोऱ्यात. एकाच झाडावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. नरफुलाचा देठ बारीक आणि सरळ असतो, तर मादीफुलाच्या खाली चिमुकले फळ आधीपासूनच दिसते. आरंभीचे काही दिवस बहुतेक नरफुलेच येतात व गळतात. ह्यात काळजीचे कारण नाही. पुढे मादीफुले उमलतात, पण त्यांखालचे बोटभर फळ टोकाकडून पिवळे पडते, सुकते आणि गळून जाते. कित्येक जण हा रोग समजून औषध फवारतात. वस्तुतः फुलाला पराग मिळालेला नसतो. भोपळ्याचे परागकण मोठे आणि चिकट असल्याने ते वाऱ्याने उडत नाहीत. मधमाश्या आणि भुंगेच ते नेऊ शकतात. कीटकनाशकाने मरतात त्याही ह्याच मधमाश्या. फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते, म्हणून सकाळी मधमाश्या फिरकल्या नाहीत तर त्या फुलाची संधी कायमची जाते.

दाट वस्तीत हे काम हाताने करणेच बरे. सकाळी लवकर एक ताजे नरफूल खुडावे, पाकळ्या काढून टाकाव्यात आणि मधला परागाने भरलेला दांडा मादीफुलाच्या कुक्षीवर सर्व बाजूंनी हळुवार टेकवावा. पराग अपुरा पडला तर फळ वाकडे किंवा एका टोकाला बारीक राहते. फूल उमलल्यापासून चार ते सात दिवसांत फळ काढण्याजोगे होते. ते कोवळेच काढावे. फळ जून झाले की झाड आपली शक्ती बियांकडे वळविते आणि नवी मादीफुले कमी येतात.

बी घरीच धरावयाचे असेल तर एक धोका ध्यानी घेतला पाहिजे. शेजारच्या दुधीचा, दोडक्याचा वा काकडीचा पराग चप्पन कद्दूला फळवीत नाही, ते भय निराधार आहे. परंतु शोभेचे लहान भोपळे पुष्कळदा ह्याच जातीचे असतात आणि त्यांत तो रानटी कडूपणा टिकून असतो. त्यांचा पराग लागला तरी त्या वर्षीचे फळ कडू होत नाही, कारण गर हा मातृवृक्षाचाच भाग असतो. संकर लपलेला असतो आतल्या बियांमध्ये. पुढल्या वर्षी तेच बी पेरले की दिसावयास निर्दोष, पण विषारी फळे येऊ शकतात. ही कुकुर्बिटासिन नावाची द्रव्ये शिजवूनही नष्ट होत नाहीत. २०१५ मध्ये जर्मनीत हायडेनहाइम येथे घरच्या बागेतील कडू झुकिनी खाऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला. आपल्याकडे कडू दुधीच्या रसाने झालेल्या विषबाधांचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी केला असून तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. कच्च्या फळाची चकती जिभेला लावून पाहावी आणि कडू लागताच थुंकून टाकावी. ते फळ, मग कितीही कष्टाने वाढविलेले असो, फेकून द्यावे.

पूसा अलंकार हे संकरित वाण आहे. त्याचे बी धरू नये, कारण पुढची पिढी एकसारखी निपजत नाही. सरळ वाणाचे बी धरताना आदल्या संध्याकाळी, उद्या उमलणारी नर आणि मादी कळी दोऱ्याने बांधून ठेवावी. सकाळी दोऱ्या सोडून वर सांगितल्याप्रमाणे पराग लावावा, मादीफूल पुन्हा बांधावे आणि देठाला खुणेची चिंधी अडकवावी. हे फळ साल नखाने टोचली जाणार नाही इतकी कठीण होईपर्यंत झाडावरच राहू द्यावे. नंतर आणखी दोन-तीन आठवडे घरात ठेवून ते फोडावे, बिया धुवाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि वाणाचे नाव व वर्ष लिहून घट्ट झाकणाच्या बरणीत भराव्यात. बरणी कोरड्या, थंड जागी ठेवली तर हे बी तीन-चार वर्षे उगवते.