हाड जुळलं, पण चाल?

'अगं, तू अजून लंगडतेस?' बचत गटाच्या बैठकीत एकीने सहज विचारलं आणि मी चपापलेच. प्लास्टर निघून अडीच महिने झाले होते. एक्स-रे बघून डॉक्टरांनी 'हाड छान जुळलंय' असं सांगितलं होतं. मग मी लंगडत कशी असेन? मला तर आपण अगदी नीट चालतो असंच वाटत होतं.

झालं होतं असं, की जुलैतल्या एका पावसाळी सकाळी मी सायकलवरून अशाच एका बैठकीला निघाले होते. वळणावरच्या चिखलात चाक घसरलं आणि मी डाव्या गुडघ्यावर आपटले. गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडाला तडा गेला. ऑपरेशन टळलं, पण मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर आणि सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. सासूबाईंनी भाकऱ्या थापल्या, लेकीने धुणीभांडी सांभाळली. प्लास्टर निघालं तेव्हा डावी मांडी सुकून गेल्यासारखी दिसत होती. मग वॉकर आला, नंतर काठी.

डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली होती. मी तीनदा गेले. मग गणपती आले, गौरी आल्या, दिवाळीची साफसफाई आली. 'पाय चालता झाला ना, मग झालं!' असं म्हणून मी जाणं सोडलं. खरं सांगू? हाच पाय माझ्या लेकीचा असता, तर मी तिला एक दिवस चुकवू दिला नसता.

बैठकीतला तो प्रश्न मनात घेऊनच घरी आले. लेकीला म्हटलं, 'मी अंगणात चालते, तू मोबाईलवर काढ बघू.' ते चित्रण बघून मी गप्पच झाले. डावा पाय टेकतो न टेकतो तोच उजवा घाईघाईने पुढे पडत होता. प्रत्येक पावलाला डावा खांदा खाली झुकत होता. नजर सारखी जमिनीवर. महिनाभर कंबर दुखत होती, ते मी वयावर ढकलत होते. त्याचं कारण समोर दिसत होतं!

दुसऱ्याच दिवशी पुन्हा फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एक वजनकाटा मांडला, शेजारी तेवढ्याच उंचीची फळी ठेवली. डावा पाय काट्यावर, उजवा फळीवर. 'आता दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभ्या राहा.' मी राहिले. माझं वजन 62 किलो. काटा 31 वर यायला हवा होता, पण तो 20 च्या पुढे जाईना. आणि मला मात्र वाटत होतं, की मी अगदी सरळ उभी आहे!

ताईंनी समजावलं ते असं. दुखतं तेव्हा शरीर त्या पायावर वजन टाकायचं टाळतं. ते तेव्हा योग्यच असतं. पण आठवडेच्या आठवडे तसं चाललं, की तीच सवय होते. प्लास्टरमध्ये मांडीचे स्नायू बारीक होतात, गुडघा आखडतो, पुन्हा पडायची भीती बसते. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर झाला, की एका पायावर आल्यावर कंबर सावरत नाही आणि आपण त्या बाजूला झुकून चालतो. मग त्याचा भार कंबरेवर आणि दुसऱ्या गुडघ्यावर येतो. म्हणजे हाड आपोआप जुळलं, तरी चाल आपोआप परत येत नाही. ती शिकावी लागते.

मग माझी शिकवणी सुरू झाली. सकाळी अंथरुणातच गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच आकडे मोजेपर्यंत दाबायची, असं दहा वेळा. उजव्या कुशीवर झोपून डावा पाय सरळ वर उचलायचा. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या. दुपारी खुर्चीतून हात न टेकता उठायचं, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन. संध्याकाळी फरशीच्या रेघेवरून आरशाकडे बघत चालायचं. आधी टाच, मग तळवा, मग बोटं. पावलं लहान चालतील, पण दोन्ही सारखी हवीत. वेगाची घाई नाही.

बारीकसारीक गोष्टीही कळल्या. काठी दुखऱ्या पायाच्या नव्हे, विरुद्ध बाजूच्या हातात धरायची. मी इतके दिवस उलटी धरत होते! जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. घरातल्या सुळसुळीत सपातांऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल. खांद्यावरची जड पिशवी बंद. मांडी घालून आणि उकिडवं बसायची परवानगी मिळेपर्यंत पाट नाही, खुर्चीच.

मैत्रिणींनो, हे व्यायाम माझ्या पायासाठी होते. तुमची दुखापत वेगळी असेल, तेव्हा वजन कधी टाकायचं, काय करायचं हे डॉक्टरांनाच विचारा. पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली तर ती चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत रक्ताची गाठ झालेली असू शकते. गुडघा अडकत असेल, अचानक दगा देत असेल किंवा पाऊल वर उचलताच येत नसेल, तरी थांबू नका. रोज फिजिओथेरपीला जाणं परवडत नसेल, तर निदान एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्या आणि महिन्याने दाखवायला जा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही चौकशी करा.

मला तीन महिने लागले. मध्येच कंटाळा आला. 'आता या वयात एवढं कशाला?' असं म्हणणाऱ्याही भेटल्या. पण काटा 20 वरून 25 वर, मग 30 वर आला, आणि कंबरदुखी हळूहळू गेली. फार दमले, की अजूनही पाय थोडा ओढतो. तेव्हा मी थांबते, मान वर करते आणि पुन्हा टाचेपासून सुरुवात करते.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर सायकलही बाहेर काढली. पाय जमिनीला पुरावेत म्हणून मी सीट फार खाली ठेवत असे. त्याने गुडघ्यावर ताण येतो. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट आता वर घेतली आहे.

सासूबाईंना हल्ली फारसं दिसत नाही. एका संध्याकाळी मी बाहेरून आले, तर आतूनच म्हणाल्या, 'कोण गं? तू होय! आज ओळखूच आली नाहीस. दोन्ही चपलांचा आवाज सारखा आला.'

डॉक्टरांनी 'हाड जुळलं' म्हटलं तेव्हा झाला नव्हता, इतका आनंद मला त्या दिवशी झाला.