'हार्प' आणि तापवलेलं आकाश



पाऊस जरा जास्त झाला किंवा कुठे भूकंप झाला, की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हार्प'चा निरोप हमखास फिरतो : अलास्कातल्या अँटेना आकाश तापवून हवामान बिघडवतात. मी कॉमर्सचा माणूस. पण बँकेत आयुष्य गेल्यामुळे आकडा दिसला की ताळा करून पाहायची सवय आहे.

आकाश तापवतात, हे खरंच आहे. जमिनीपासून साधारण 60 ते 80 किलोमीटरवर आयनांबर सुरू होतं. तिथे सूर्यकिरणांमुळे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि शॉर्टवेव्हच्या लहरी तिथून परत खाली येतात. रेडिओ सिलोन आपल्या घरात येत असे तो याच वाटेने.

1933 साली हॉलंडमध्ये टेलेगेन यांना स्वित्झर्लंडचं बेरोमुन्स्टर केंद्र ऐकताना मागे लक्झेंबर्ग केंद्राचा कार्यक्रम ऐकू आला. दोन्हींच्या लहरी अगदी वेगळ्या, म्हणजे रेडिओची सुई सरकलेली नव्हती. पुढच्याच वर्षी बेली आणि मार्टिन यांनी उलगडा केला. लक्झेंबर्गचं प्रक्षेपण इतकं जबर होतं की त्याच्या आवाजाच्या चढउताराबरोबर वरचे इलेक्ट्रॉन कमीजास्त तापत, आणि तिथून जाणारी स्विस लहर त्याच तालात कमीजास्त शोषली जाई. हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं.

हार्प मुद्दाम करतं. अलास्कात गाकोना इथे 33 एकरांत 180 अँटेना, एकूण शक्ती 3,600 किलोवॉट. सुरुवातीला पैसा अमेरिकी हवाई दलाचा आणि नौदलाचा, त्यामुळे लोकांना संशय येणं स्वाभाविकच. पण हिशेब पाहा. आपल्याकडे भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण 1 किलोवॉट ऊन पडतं. 33 एकर म्हणजे सुमारे 1,33,500 चौरस मीटर. म्हणजे तेवढ्याच शेतावर पडणारं ऊन हार्पच्या सदतीस पट!

शिवाय ढग-पाऊस सगळा खालच्या 10-15 किलोमीटरांत. हार्पच्या 2.7 ते 10 मेगाहर्ट्झच्या लहरी त्या थरात जवळजवळ शोषल्याच जात नाहीत. भूकंप तर जमिनीच्या पोटातला. यंत्र बंद केलं की तापलेले इलेक्ट्रॉन लगेच निवतात.

मग हा खटाटोप कशाला? उपग्रहांचे आणि जीपीएसचे संदेश याच थरातून येतात, तो बिघडला की तेही बिघडतात. म्हणून त्याचा अभ्यास. 2015 पासून हे केंद्र अलास्का विद्यापीठाकडे आहे आणि अधूनमधून लोकांना आत नेऊन दाखवतात. प्रयोगाच्या वेळी कधी कधी आकाशात लाल-हिरवी झाक उमटते, तीही इतकी मंद की बहुधा कॅमेऱ्यालाच दिसते.